अप्पा, तुमच्या एकटेपणाचे मार्क

अप्पा, तुमचा फ्लेक्स लागलाय. बसस्टँडसमोर, मोबाईलच्या दुकानाच्या डोक्यावर. एका बाजूला कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस, दुसऱ्या बाजूला कसल्याशा क्लासचे गुणवंत, आणि मधोमध तुम्ही. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल समस्त समाजबांधव', आणि तुम्ही हातात झारी घेऊन कडुनिंबाला पाणी घालायलात.

खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. भर रस्त्यात उभी राहून हसले. आपल्या ऑफिसातला रफिक सोबत होता, म्हणाला, "मॅडम, लोक बघायलेत." म्हणलं, बघू देत. माणूस जाऊन पंधरवडा झाला नाही आणि ही बाई हसायलीय म्हणतील, म्हणू देत. त्या फोटोची गंमत त्यांना कुठं माहीत आहे?

तो कडुनिंब तुमच्यापेक्षा वयानं मोठा. आपल्या ऑफिसच्या मागं, घरमालकाच्या जागेत. त्याला जन्मात कुणी पाणी घातलं नव्हतं आणि त्यानंही कधी कुणाला मागितलं नव्हतं. पण पुण्याहून आपल्या कंपनीला पर्यावरणाचा शिक्का द्यायला आलेल्या निशांतला तुमचा 'झाडासोबतचा फोटो' पाहिजे होता. ऐन उन्हाळा, गावात टँकर, आणि शेजारच्या नर्सरीतून झारी उसनी आणलेली. "सर, झाडाकडे नको, इकडे बघा. थोडं स्माईल." झारी रिकामी होती, अप्पा. आपल्याला प्यायला त्या दिवशी जार मागवला होता, झाडाला कुठनं आणणार? तुम्ही रिकामी झारी वाकडी करून हसलात. एवढं गोड तुम्ही मला कधी हसून दाखवलं नाही. तोच फोटो आता तुमच्या नावानं चौकात टांगलाय. समाजबांधवांना तुमचा दुसरा फोटोच सापडला नाही. इतक्या वर्षांत तुम्हाला कुठल्या कार्यक्रमाला बोलावलं असतं तर सापडला असता.

असो. मी आज बसलेय ती भांडायला. दुपारी निशांतचा फोन यायचाय. शिक्क्याची मुदत संपतीय. सोलापूरच्या दवाखान्यात तुम्ही मला शेवटचं काय सांगितलंत? पोराचं काही नाही, घराचं काही नाही. तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणालात, "शैला, तेवढं रिन्यू कर." मी म्हणाले, "बघू." त्यावर तुम्ही डोळे मिटले.

लोक म्हणतील, मरणाऱ्याला 'हो' म्हणायला काय जात होतं? तुम्ही तसं म्हणणार नाही. मी 'हो' म्हणाले असते तर तुम्ही मास्क फेकून उठून बसला असता आणि विचारलं असतं, काय झालंय हिला, डॉक्टर काय म्हणाले खरं सांग. त्यामुळं 'बघू'चं मला वाईट वाटत नाही. पण आता बघायची वेळ आलीय आणि तुम्ही नाही, याचा मात्र मला भयंकर राग आलाय. तुमचा हट्ट माझ्या गळ्यात मारून तुम्ही मोकळे झालात.

काय होतं हो तुमच्या त्या शिक्क्यात? 'सामाजिक व पर्यावरणीय उत्तरदायित्व प्रमाणपत्र'. वाचतानाच दम लागतो. आणि ते कुणाला? आपल्याला. सिमेंट-पाईपच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तुम्ही, मी, सगळी कागदपत्रं सांभाळणारा रफिक, आणि झाडलोट करून चहा करणाऱ्या राहीबाई. त्याला तुम्ही 'व्यवस्थापन प्रशिक्षण कंपनी' म्हणायचा. पतसंस्थेचे मॅनेजर, दूध संस्थेचे सचिव, कारखान्याचे शिफ्ट इन्चार्ज, येरमाळ्याच्या हायवेवरचे हॉटेलवाले, हे आपले विद्यार्थी. यांना माणसं कशी सांभाळायची ते शिकवायचं. आपल्या धंद्यात धूर नाही, सांडपाणी नाही, यंत्र म्हणावं तर एक प्रोजेक्टर, तोही उन्हाळ्यात मान टाकायचा. आपण प्रदूषण करू म्हणलं असतं तरी जमलं नसतं.

पण शिकवायचात मात्र तुम्ही, अप्पा. ते तुमच्याकडनंच शिकावं. पहिला अख्खा दिवस वही नाही, फळा नाही. मॅनेजरला दुसऱ्या गावच्या शाखेत न्यायचं आणि गिऱ्हाईकाच्या बाकड्यावर बसवायचं. बोलायचं नाही, मोबाईल काढायचा नाही. आतले साहेब कधी मान वर करतात त्याची वाट बघत नुसतं बसायचं. चांगले चांगले कडक इस्त्रीचे लोक दुपारपर्यंत रडकुंडीला यायचे. एकजण तुम्हाला म्हणाला होता, "अप्पा, त्यानं नुसतं 'बसा' म्हणलं असतं तरी बरं वाटलं असतं हो." तुम्ही म्हणालात, "मग झालं की तुझं ट्रेनिंग. आता जेव."

मी पण त्याच बाकड्यावरनं आले. तामलवाडीच्या दूध संस्थेत सचिव होते, तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होते, आणि माझी ब्याद टळावी म्हणून संचालकांनी मला तुमच्या ट्रेनिंगला धाडलं होतं. दिवसभर बसले आणि संध्याकाळी तुम्हाला म्हणाले, "तुमचं बाकडं ठीक आहे, पण अर्धवट आहे. बायका बाकड्यावर बसत नाहीत. त्या दारात उभ्या राहतात, पुरुष उठेपर्यंत. मॅनेजरला दारात पण उभं करा." बाकीचे माझ्याकडं असं बघायला लागले की आता हिचं काही खरं नाही. तुम्ही चष्मा काढून पुसलात. दुसऱ्या दिवसापासनं अर्धा दिवस बाकडं आणि अर्धा दिवस दार. आणि मला म्हणालात, "पहिल्या तारखेपासनं इकडंच ये कामाला. तिथं तुझं डोकं नासायलंय." माझ्या आयुष्यात मला एवढा मान दुसऱ्या कुणी दिला नाही. हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून मी कधी बोलले नाही.

आणि त्या ट्रेनिंगच्या शेवटी आपण जे प्रमाणपत्र द्यायचो, त्याच्याबद्दल तुमचा नियम सगळ्या जिल्ह्याला पाठ होता. बसला न्हाय त्याला कागद न्हाय. आमदाराची चिठ्ठी आणा नाहीतर देवाची आणा. तुमच्या समाजाच्या वसतिगृहाचे अध्यक्ष आपल्या पुतण्याला घेऊन आले होते ते आठवतंय? पुतण्याला नोकरीसाठी आपला कागद पाहिजे होता आणि बाकड्यावर बसायला लाज वाटत होती. अध्यक्ष म्हणाले, "अप्पा, आपल्याच समाजाचं लेकरू हाय, द्या सही करून." राग आला की तुम्ही तुमच्या गावच्या, मुरुमकडच्या कन्नडवर जायचा. "बेडा," म्हणालात. म्हणजे नको. त्यांनी परत विनवलं. "बेडा री, बेडा." चहा न घेता उठून गेले ते.

त्यानंतर समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पत्रिका तुम्हाला आली नाही. वर्गणीला कुणी आलं नाही. वर्गणीला येईनात म्हणल्यावर तुम्हाला समजलं की प्रकरण गंभीर आहे. 'घमेंडी' असं नाव पडलं. आणि तुमच्या घरच्या, काकू गेल्या तेव्हा मातीला किती लोक होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. खांदा द्यायला रफिक आणि कारखान्याचे दोन शिफ्ट इन्चार्ज पुढं झाले. तुम्ही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत. मी एकदा काढला तर म्हणालात, "शैलाबाई, कामाचं बोला." नुसती शैला असायचे तोवर ठीक, 'शैलाबाई' झाले की मी गप्प बसायचे.

अशा माणसानं, कागदापायी एवढं सोसलेल्या माणसानं, म्हातारपणी स्वतः कागदाच्या मागं लागावं! तुमचा एक जुना विद्यार्थी पुण्याच्या मोठ्या कारखान्यात गेला होता. तो म्हणाला, "अप्पा, हा शिक्का घ्या, मग तुम्ही आमच्या यादीत येता, मग कामच काम." झालं. तुम्ही पेटलात. मी म्हणलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आहे तेवढं काम आपल्याला उरकंना. तुम्ही ऐकलं नाही. नंतर यादीत आलो आपण. त्या यादीतनं काय आलं? दिवाळीला एक ईमेल आला, की कृपया फटाके टाळा.

तर निशांत आला. पुण्याहून, एकटा, मोठ्या गाडीतनं, एसी लावून, आपण हवा किती खराब करतो ते तपासायला. हातात टॅब्लेट. त्यात प्रश्न मराठीत भाषांतर करून आणले होते, म्हणे स्थानिक लोकांना सोपं जावं. ते मराठी कुणी केलं देव जाणे. मराठीशी त्याचं जुनं वैर असणार.

"कर्मचारी कार्यालयात येण्यासाठी कोणते साधन वापरतात?" रफिक म्हणाला, एसटी. राहीबाई म्हणाल्या, पायी. मी पण एसटीच. निशांतचा चेहरा असा फुलला! "म्हणजे कोणीच स्वतःची गाडी वापरत नाही? अमेझिंग." मी म्हणलं, गाडी नाही म्हणून वापरत नाही. त्यानं तेवढं ऐकलंच नाही, मार्क टाकून मोकळा झाला. "वीजबचतीसाठी काय उपाय करता?" तेवढ्यात लाईट गेली. मी वर बोट केलं. त्याचे पण मार्क मिळाले आपल्याला. "जलसंधारणाबाबत संस्थेचे धोरण?" मी म्हणलं, नळ आठवड्यानं येतो, हे धोरण नगरपालिकेचं आहे, आमचं नाही. तुम्ही टेबलाखालनं माझ्या पायावर पाय दिलात. त्यानं लिहून घेतलं, 'पाण्याचा अत्यंत मर्यादित वापर'. गरिबीला बक्षीस द्यायची ही तऱ्हा मी पहिल्यांदा बघत होते. आपल्याकडं जे जे नव्हतं, त्या प्रत्येकाचे मार्क. मला वाटलं, आता छपराला भोक आहे का विचारील आणि सूर्यप्रकाशाचे मार्क देईल.

आणि मग तो प्रश्न आला. "तुम्ही तुमच्या समाजासाठी काय करता?"

आता पुण्या-मुंबईत या शब्दाचा अर्थ काय असायचा तो असो. आपल्याकडं 'तुमचा समाज' म्हणलं की माणूस काय समजतो, हे धाराशिवच्या शेंबड्या पोराला कळतं. रफिक सरसावून बसला. म्हणाला, "आमच्या कब्रस्तानची भिंत पडली होती, सगळ्यांनी मिळून बांधली, मी पण विटा उचलल्या." मला विचारलं. मी म्हणलं, आमच्या समाजाचं मंगल कार्यालय आहे, तिथं माझा भाऊ असतो, मी जात नाही, तिथं जेवणावरनं भांडणं होतात. राहीबाई म्हणाल्या, "म्या काय करणार बाबा समाजासाठी? समाज माझ्यासाठी काही करंना." निशांत भराभर टायपायला लागला. कब्रस्तान, मंगल कार्यालय, सगळं कंपनीच्या खात्यावर! मला हसू आवरंना. मी तुमच्याकडं बघितलं. वाटलं, तुम्ही आता चष्मा काढाल आणि या पोराला समजावून सांगाल की बाबा, शब्द चुकलाय तुझा.

तुम्ही चष्मा काढला नाहीत. टेबलाकडं बघितलंत. मग म्हणालात, "मला समाज न्हाय."

 राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं तुमच्या शेजारच्या टेबलावर बसून मी जे तुमच्या तोंडून ऐकलं नव्हतं, ते तुम्ही या कोण कुठल्या पोराला सांगून टाकलंत. का, तर त्यानं विचारलं म्हणून.

निशांत म्हणाला, "ओह. वॉव, सर." आणि लिहून घेतलं.

महिन्यानं अहवाल आला. 'संस्थापक हे स्वतः समाजाने नाकारलेल्या पार्श्वभूमीतून आलेले असून त्यांचे नेतृत्व हे समावेशकतेचे प्रेरणादायी उदाहरण आहे.' पार्श्वभूमी म्हणे! मुरुमच्या भर पेठेत वडिलांचं आडत दुकान, बागायत जमीन, दारात चार-चार बैलजोड्या, आणि हे म्हणे नाकारलेले. याचे सगळ्यात जास्त मार्क होते. एसटीपेक्षा जास्त, गेलेल्या लाईटीपेक्षा जास्त. ते नसते तर आपण नापास होतो.

आपलं सगळ्यात मोठं भांडण त्या दिवशी झालं. मी अहवाल तुमच्यापुढं आपटला. म्हणलं, "अप्पा, जरा तरी वाटू द्या. न बसलेल्या पोराला तुम्ही कागद दिला नाही आणि न केलेल्या कामाचा कागद भिंतीला लावणार? आणि तो कशाचा? तुमच्या एकटेपणाचे मार्क दिलेत त्यांनी तुम्हाला. काकूंच्या मातीला माणसं आली नाहीत त्याचे मार्क. लावा, लावा फ्रेम करून."

मला वाटलं, आता 'शैलाबाई' होणार. पण तुम्ही हसलात. म्हणालात, "मिळू दे की. इतके दिवस फुकटच भोगत होतो."

 मी चहा घ्यायला खाली गेले. परत आले तर तुम्ही रफिककडनं भिंतीला खिळा मारून घेत होता, आणि फ्रेम तिरकी झालीय म्हणून त्याच्यावर ओरडत होता.

नंतर एकदा तुळजापूरच्या रस्त्यावर एसटी बंद पडली, आपण दोघं बाभळीखाली उभे होतो, तेव्हा तुम्ही आपणहून विषय काढलात. म्हणालात, "शैला, तुला तो पोरगा येडा वाटतो. हाय, येडाच हाय. पण एक सांग, आपल्याला उभ्या जन्मात कुणी विचारलं का, की बाबा तू चांगला हाईस का न्हाय? हिशोब बरोबर हाय का, ते विचारतात. पावती हाय का, विचारतात. कुणाचा माणूस हाय, ते तर आधी विचारतात. तो पोरगा तेवढ्या लांबनं आला आन् त्यानं विचारलं. येड्यासारखं विचारलं, पण विचारलं." मी म्हणलं, "आणि उत्तर काय लिहून घेतलं ते बघितलं का?" तुम्ही म्हणालात, "ते त्याचं पाप." तेवढ्यात एसटी सुरू झाली आणि आपलं भांडण तसंच राहिलं.

अजूनही मला वाटतं माझंच बरोबर होतं. उत्तर धड लिहून घेता येत नसेल तर विचारायला येऊ नये. गाडीचं डिझेल तरी वाचतं. तुम्ही चांगले होता का, हे कळायला पुण्याचा माणूस कशाला पाहिजे? मॅनेजरांना विचारायचं. राहीबाईंना विचारायचं. मला विचारायचं. तुम्ही मला एकदा तरी विचारलंत?

विचारलं असतं तरी मी सरळ सांगितलं नसतं म्हणा.

तुमची माती मुरुमला झाली. मी आणि रफिक पहाटेच्या एसटीनं गेलो. काय गर्दी होती, अप्पा! तुम्हाला आवडलं नसतं, पण बघायला पाहिजे होती. काकूंच्या वेळी घरात लपून बसलेले सगळे आले होते. पांढरे कपडे, खांद्यावर उपरणी, आणि मंडपात माईक. वसतिगृहाचे अध्यक्ष सगळ्यात पुढं. म्हातारे झालेत आता, पण आवाज तसाच आहे. म्हणाले, "अप्पा म्हणजे आपल्या समाजाचा आधारवड. शेवटपर्यंत समाजासाठी झिजले." आधारवड! सावलीला कोण बसलं होतं कधी? वरातीमागून घोडं म्हणतात, इथं मयतीमागून वरात निघाली होती. त्यांचा तो पुतण्या पण होता. कुठल्याशा पतसंस्थेत मॅनेजर झालाय. झालाच असणार.

तुम्हाला खाली खड्ड्यात बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात झेंडूचे हार, मांडी घालून, मान किंचित पुढं. तुमच्यात असं बसवूनच माती देतात हे मला माहीत होतं, काकूंच्या वेळी पाहिलं होतं, तरी बघवंना. वाटलं, आता कुणीतरी आत मान वर करून बघेल आणि तुम्हाला 'बोला अप्पा' म्हणेल, याची वाट बघत तुम्ही बाकड्यावर बसलायत. लोक बेलाची पानं टाकायला लागले तशी मी पुढं झाले. एकानं अडवलं. "तुम्ही कोण?" म्हणलं, ऑफिसच्या. "मग बायका तिकडं." रफिकला तर विचारलंच नाही, नुसतं बघितलं, आणि तो आपणहून मागं सरला. तुमच्या बायकोला खांदा दिलेला माणूस, अप्पा.

मी तिकडं गेले नाही. त्या माणसाला म्हणलं, "मी इथंच उभी आहे, तुमचं झालं की सांगा." तो चुळबुळला. तुमच्या उमेशनं बघितलं आणि हाताला धरून मला पुढं नेलं, रफिकला पण खूण केली. पोरगं चांगलं आहे तुमचं. पुण्यात राहून पण चांगलं राहिलंय. मी पान टाकलं. बोलायचं पुष्कळ होतं, पण माईकवर कुणीतरी कविता म्हणायला लागलं होतं. तुम्हाला शांतपणे जाऊ पण दिलं नाही या लोकांनी.

त्या दिवसापासनं ऑफिसात ती फ्रेम माझ्याकडं बघायलीय. रोज वाटतं, काढून ठेवावी. मुदत संपू द्यावी, निशांतला सांगावं की बाबा, ज्याला हौस होती तो गेला. उमेश म्हणाला, "आत्या, तुम्हाला वाटेल तसं करा." रफिक काहीच म्हणत नाही, पण काल फ्रेमवरची धूळ पुसत होता. म्हणलं, कशाला पुसतोस? म्हणाला, "अप्पांनी सांगितलं होतं, सोमवारी पुसायचं." आज बुधवार आहे म्हणलं. म्हणाला, "सोमवारी जमलं नाही." आणि तोंड फिरवून उभा राहिला.

बरं. रिन्यू केलं तर मला काय करायचंय? तेच प्रश्न, तीच उत्तरं. एसटी, लाईट, नळ. परत त्या येड्यापुढं गरिबीचे पदर उलगडून बसायचं आणि त्यानं 'अमेझिंग' म्हणायचं. नाही केलं तर कंपनी बुडणार नाही, बाकडं कुठं जात नाही. पण तुमचं एक राहून जाईल. तुम्ही मला दुसरं काही मागितलं नाही कधी. पगार कमी घे म्हणालात ते सोडून.

हा फोन वाजला. आला बघा तुमचा लाडका. थांबा.

घेतला, अप्पा. आता सांगते, काय झालं ते.

आधी दुखवटा झाला. "मॅडम, सरांचं कळलं. खूपच वाईट वाटलं. ही वॉज सच अ वॉर्म पर्सन." मग खाकरला. मग म्हणाला, "सो, रिन्यूअलचं बघायचं का?" मी म्हणणार होते, नको. अगदी जिभेवर होतं. म्हणाले, "बघू." मग त्याला वाटलं हो म्हणाले. एसटी अजून आहे का, विचारलं. आहे म्हणलं. पाणी? तसंच. लाईट? जाते. "परफेक्ट."

"फक्त एक छोटा प्रॉब्लेम आहे, मॅडम," म्हणाला. "सरांमुळे आपल्याला जे पॉइंट्स होते ना, समाजाने नाकारलेले वगैरे, ते आता धरता येणार नाहीत. कारण सर आता, म्हणजे, नाहीत. त्यामुळे आपण पासिंगच्या थोडं खाली जातोय." मला पहिल्यांदा कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं. तुम्ही गेलात त्याचे मार्क कापलेत, अप्पा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पुष्कळ बघितले, मुरुमला तर मंडप भरून बघितले. पण ते लोणी संपलं म्हणून फोन करणारा हा पहिला.

तोंडात शिव्या आल्या होत्या, तामलवाडीच्या, अस्सल. तेवढ्यात तो म्हणाला, अगदी आदबीनं, जणू माझ्या सोयीसाठीच विचारतोय, "मॅडम, त्यांच्या जागी दुसरं कोणी वंचित आहे का तुमच्याकडे?"

तुमची खुर्ची समोरच आहे. रफिकनं ती अजून हलवली नाही, मी पण हलवू दिली नाही.

"आहे," मी म्हणाले.

"ओ, ग्रेट! कोण?"

"मी."

"ओके, ओके. कशापासून वंचित, मॅडम? म्हणजे इथे पर्याय आहेत, त्यातला एक निवडायचाय." तो वाचायला लागला. शिक्षण. जमीन. उत्पन्न. आरोग्य. मी ऐकत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. माझ्या तोंडून, अप्पा! तुम्ही असता तर म्हणला असता, डॉक्टरला बोलवा. "हॅलो, मॅडम? आहात ना?"

मी नुसतं हुं म्हणाले. रफिकनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला.

"ठीक आहे, मॅडम," तो म्हणाला. "मी 'इतर'मध्ये टाकतो."

टाक म्हणलं.

झालं तुमचं रिन्यू.